फाइली उघडेनात आणि पैशाची चिठ्ठी आली तर

खानापूरला मामांच्या घरी कॉम्प्युटरवर शेताचे आरटीसी उतारे (कर्नाटकातला सातबारा), लग्नाचे फोटो, सगळं एका रात्रीत उघडेनासं झालं, प्रत्येक फाइलच्या नावामागं अनोळखी शेपूट आणि शेजारी पैसे मागणारी चिठ्ठी. हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस. असं दिसलं की आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पेनड्राइव्ह नि बाहेरची हार्डडिस्क लगेच उपटा, कारण जोडलेलं सगळं तो खात सुटतो. पैसे भरू नका हो, भरून चावी मिळेलच असं अजिबात नाही. दुकानात नेलं की फॉरमॅट मारतो म्हणतात, मारू देऊ नका! जुनी डिस्क काढून ठेवा, नवीन घाला. मग बिघडलेल्या एक-दोन फाइली नि ती चिठ्ठी चांगल्या कॉम्प्युटरवरून नो मोअर रॅन्सम या साइटवर टाका, युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) वगैरेंनी २०१६ ला सुरू केलीय, फुकट आहे, त्या व्हायरसवर उपाय निघाला असला तर तिथंच मिळतो, आज नसला तरी पुढं येऊ शकतो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रारही करा.

मामांकडं हा व्हायरस क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आला. उतारे परत काढता आले, फोटोंची डिस्क अजून कपाटात जपून ठेवलीय.