देवाची प्रीती आहेराच्या वहीत मांडू नका

लग्नघरात आहेराची वही असते. कुणी किती दिलं ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्याकडं कार्य निघालं की तेवढंच, जमलं तर थोडं वर, परत करायचं. देवाच्या प्रीतीला प्रतिसाद द्यायला निघालेली माणसं नकळत हीच वही उघडतात. त्यानं आपला पुत्र ख्रिस्त दिला, मग मी उपास करतो, दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देतो. इथंच हिशेब फसतो. फेड झाली असं वाटलं की माणूस ताठतो, होत नाही असं वाटलं की खचतो.

म्हणून 'काय करू?' इथून सुरुवात नको. बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र, चौथा अध्याय, ७ ते २१ ही वचनं मोठ्यानं वाचा. तीन-चार मिनिटांचं काम आहे. हातात पेन्सिल घ्या आणि आधी प्रीती कोण करतंय, त्याच्याखाली रेघ मारा. दहाव्या वचनात आपण नाही, देव. एकोणिसाव्यात पुन्हा तोच, आणि तोही 'पहिल्याने'. मग रोमकरांस पत्र ५:८ काढा. आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला, सुधारल्यावर नव्हे. आठवडाभर हाच उतारा ठेवा, रोज नवा शोधू नका. (गाण्यांनी 'प्रीत' फारच नाजूक करून टाकली आहे. इथली प्रीती क्रूसापर्यंत जाते.)

दुसरं काम शनिवारी, उपासनेच्या आदल्या दिवशी. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायचा. नीट वाचा, तिथं 'तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध' नाही, 'त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध' आहे. बांधावरून, घराच्या वाटणीवरून अबोला असेल तर फोन तुम्ही करायचा. आपली चूक नाव घेऊन सांगायची: "दादा, त्या दिवशी चारचौघांत तुम्हाला बोललो, ते चुकलं." एवढ्यावर थांबायचं. 'पण' आला की माफी गेली. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' हीसुद्धा माफी नव्हे, चूक समोरच्याच्या मनावर ढकलणं आहे. त्यांनी फोन ठेवला तर पुढच्या शनिवारी पुन्हा करा, रोज मात्र नको. वाटणीचा प्रश्न त्याच फोनवर सोडवायला जाऊ नका.

तिसरं काम सर्वांत मोठं. लूक १०:३३-३५ मध्ये लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला वाटेत मदत करणारा शोमरोनी (शोमरोन प्रांताचा माणूस) कामाच्या क्रमानं वाचा. थांबला, जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, रात्र काढली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले. मजुराचा दिवसाचा रोज एक दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. जखमी माणूस कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा, हे त्यानं विचारलं नाही.

हाच क्रम कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात चालतो. गगनबावडा, राधानगरीकडून आलेल्या पेशंटपेक्षा त्याच्यासोबतचा माणूस जास्त उपाशी असतो. आधी विचारा, मग डबा न्या. नातेवाइकाला दोन भाकरी, पिठलं, पाण्याची बाटली पुरते. पेशंटचं पथ्य नर्सला विचारल्याशिवाय त्याला काही देऊ नका. खाटेजवळ दहा मिनिटं पुरेत. प्रार्थना हवी का ते विचारा. नको म्हणाले तर डबा तसाच द्या. हो म्हणाले तर मिनिटभराची, हळू आवाजात, शेजारच्या खाटेला त्रास न होता. "देव परीक्षा बघतोय" हे वाक्य घरीच ठेवून जा. मदतीला प्रचाराची अट जोडली की तो सौदा होतो, आणि मिळालेला डबाही माणसाच्या घशाखाली उतरत नाही. फोटो काढू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये (मत्तय ६:३), मग मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तरी कशाला?

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी चढत असताना मदतीला गर्दी होते, २०१९ आणि २०२१ च्या पुरांतही झाली. खरी गरज पाणी ओसरल्यावर असते, तेव्हा घरात चिखल असतो आणि हात कमी पडतात. फावडं, खराटा, फिनेल, रबरी बूट घेऊन जा. जुने कपडे नेऊ नका. त्यांचा ढीगच होतो. आत जाण्याआधी घराची वीज बंद आहे का, ते बघून घ्या.

पैशाचं थोडक्यात. करिंथकरांस पहिलं पत्र १६:२ प्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानानं, बाजूला काढून ठेवा. महिनाअखेरीस उरलेलं देऊ म्हटलं तर उरत नाही.

आता शोमरोन्याचं शेवटचं वाक्य: जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. म्हणजे तो परत येणार होता. आपली बहुतेक मदत इथं तुटते, कारण पहिल्या डब्यालाच समाधान होतं. घरी आल्याबरोबर कॅलेंडरवर आठ दिवसांनंतरच्या तारखेवर त्या पेशंटचा वॉर्ड आणि खाटेचा नंबर लिहा. डिस्चार्ज झाला असेल तर गावाला फोन लावा, "गोळ्या वेळेवर चालल्यात का?" एवढंच विचारायला.