अन्न आणि समाज : पदव्युत्तर संशोधनाचा प्रश्न कसा बांधावा

अन्नावर संशोधन करायचे आहे असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याजवळ बहुतेक वेळा आवड असते, पण प्रश्न तयार झालेला नसतो, आणि आराखडा परत येतो तो बहुधा त्यामुळेच. म्हणून विद्यापीठांच्या याद्या चाळण्याआधी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून पाहावे : कोणत्या पदार्थाच्या किंवा जेवणाच्या निमित्ताने, कोणत्या माणसांमधला कोणता संबंध मला तपासायचा आहे? ‘शहरीकरण आणि बदलत्या आहारसवयी’ या विषयाला आयुष्य पुरणार नाही; ‘रात्रपाळी करणाऱ्या कामगारांच्या घरी जेवणाची वेळ कोण ठरवते’ याचे उत्तर मात्र काही घरांत वर्षभर येत-जात राहिल्यास हाती लागू शकते.

प्रश्न आटोपशीर असला म्हणून निष्कर्ष तोकडे पडत नाहीत. सिडनी मिंट्झ यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकट्या साखरेचा माग काढला आणि कॅरिबियन बेटांवरील मळ्यांत राबणारे गुलाम व गोड चहावर वेळ निभावणारे इंग्लंडमधील कामगार एकाच व्यवस्थेत कसे गुंतले होते, हे दाखवले. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन, धान्य असूनही ते मिळवण्याची ऐपत गेली की माणसे उपाशी मरतात, असे मांडले. मिंट्झ मानववंशशास्त्रज्ञ, तर सेन अर्थशास्त्रज्ञ. आपला प्रश्न कोणाच्या पद्धतीकडे झुकतो, हे पाहिले की विभाग निवडणे सोपे जाते. न्यूयॉर्क विद्यापीठात १९९६ पासून अन्न-अध्ययनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि इटलीत पोलेंझो येथे २००४ साली याच विषयाला वाहिलेले विद्यापीठ सुरू झाले. पण समाजशास्त्र, इतिहास किंवा भूगोल विभागातूनही हे काम उत्तम होते. मार्गदर्शकाने स्वतः क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये जाऊन प्रत्यक्ष अभ्यास, केले आहे का, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

खरी कसोटी माहिती गोळा करताना लागते. मागील २४ तासांत काय खाल्ले, हे आठवून सांगायला लावण्याची पद्धत पोषणशास्त्रातून आली आहे आणि ती उपयुक्तही आहे, परंतु स्वयंपाक करणारी व्यक्ती हमखास ‘मी विशेष काही खाल्लेच नाही’ असे सांगते; चव पाहताना तोंडात टाकलेला घास, मुलाने टाकलेले अर्धे ताट संपवणे, हे तिच्या लेखी खाणे नसतेच. अशा वेळी ‘काय खाल्ले’ हा प्रश्न सोडून, उठल्यापासून काय काय केले ते क्रमाने विचारावे. शक्य असल्यास जेवणाच्या वेळी हजर राहावे आणि कोणी वाढले, कोण थांबले, शेवटच्या माणसाच्या वाट्याला भांड्यात किती उरले होते, याची त्याच रात्री नोंद करावी : डाव्या पानावर पाहिलेले, उजव्या पानावर आपला तर्क. महिन्यांनंतर या दोहोंची सरमिसळ झाली, तर ती सोडवता येत नाही.

घरातील टंचाई लोक पाहुण्यापासून झाकतात, म्हणून संमती एकदाच सही घेऊन संपवू नये. नाजूक माहिती निघाली की ती वापरू का, हे पुन्हा विचारावे. आपल्यासमोर ठेवलेले ताटही नोंदीत यावे, कारण संशोधक आला म्हणून त्या दिवशीचे जेवण बदललेले असू शकते.

वेळापत्रक आखताना, तासाभराची ध्वनिमुद्रित मुलाखत उतरवून काढण्यास चार तास तरी धरावेत. वीस मुलाखतींचा संकल्प करणाऱ्याने हा गुणाकार आराखड्यातच करून ठेवावा.