ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप गेमसाठी घेताना

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ लो सेटिंगवर चालतात. मात्र 'आय ५ आहे, सोळा जीबी आहे' एवढं ऐकून पैसे मोजू नका. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं नाव काय आणि रॅम किती स्टिकमध्ये (म्हणजे सुट्या पट्ट्यांत) आहे, हे आधी विचारा.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरचे आकडे भलतेच फसवे. ७५२०यू, ७५३०यू, ७५३५एचएस हे तिन्ही 'रायझन ५'च. पण पहिल्यातल्या ग्राफिक्सचं नाव रॅडिऑन ६१०एम, म्हणजे जेमतेम २ ग्राफिक्स कोअर. दुसऱ्यात जुनी व्हेगा ७. तिसऱ्यात ६६०एम, ६ कोअरची. इथून पुढे बघण्यात अर्थ आहे. ६८०एम किंवा ७८०एम (दोन्हींत १२ कोअर) बजेटमध्ये बसली तर दुसरीकडे बघूच नका. इंटेलमध्ये आकड्याच्या शेवटी 'एच' दिसलं की हुरळून जाऊ नये: आय ५ १२४५०एचमध्ये ४८ ग्राफिक्स युनिट, १२४०पीमध्ये ८०. कोअर अल्ट्रा ५ १२५एच मात्र चांगला.

आता रॅम. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती प्रोसेसरच्याच रॅमवर जगते. एका नळावर दोन बिऱ्हाडं. डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन स्टिक ५१.२. म्हणून १६ ची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या. इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावसुद्धा नुसतं 'यूएचडी' दिसतं.

दुकानातच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. 'स्लॉट्स यूज्ड'समोर '१ ऑफ २' असेल तर एक जागा रिकामी आहे. 'फॉर्म फॅक्टर'मध्ये 'रो ऑफ चिप्स' आलं तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. स्लॉट नसेल तर ती पुढे वाढणार नाही, त्यामुळे ८ जीबीचा मोह सोडा. त्यातलीही काही ग्राफिक्स खाते.

दुसरी स्टिक मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्यायची असेल तर लॅपटॉप सोबत न्या. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही. झाकण उघडल्यावर वॉरंटी राहते का, हे आधी विचारून घ्या. चार्जर काढा, बॅटरीची पिन सोडवा, स्टिक तिरकी सरकवून दोन्ही क्लिपा 'टक' होईपर्यंत दाबा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. मेमरीची जुळणी चाललेली असते.

शोरूमच्या एसीत प्रत्येक लॅपटॉप थंडच वाटतो. मे महिन्यात, पंख्याखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत पातळ लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटांत तापतो, आणि प्रोसेसर व ग्राफिक्सचे वॅट (विजेचा वाटा) सामाईक असल्याने फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, घसरतात. म्हणून खालची जाळी मोठी आहे का ते उलटं करून बघा. घरी गेममध्ये फ्रेम्स ६० वर बांधा, चार्जर लावूनच खेळा, आणि गादीवर ठेवून तर अजिबात नको.