सावंतवाडीची सनद आणि म्हापशाचं कोर्ट: दोन कायद्यांच्या मधे वकिली कशी करायची

आधी एक गंमत बघा. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच, हायकोर्टही एकच, मुंबईचं, त्याचं एक खंडपीठ गोव्यात. म्हणजे सावंतवाडीत टेबल टाकून बसलेला वकील उद्या गाडी काढून गोव्यात म्हापशाच्या कोर्टात उभा राहिला तर त्याला कोण अडवत नाही. पण सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की लग्न, वारसा आणि वाटणी या तीन विषयांत तो परत फर्स्ट इयरला जातो, आणि हे त्याला कळतच नाही, कारण आडनावं तीच, देव तेच, भांडणंही तीच, मग कायदा वेगळा असेल असं डोक्यातच येत नाही.

गोवा १९६१ ला मुक्त झाला, पण १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड तिथे चालूच राहिला. त्यातला वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आलाय, गोवा सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसीडिंग ॲक्ट २०१२, लागू झाला २०१६ ला. नाव लांबलचक आहे पण तुम्हाला गोव्याचं काम करायचं असेल तर पहिला खर्च हा बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं मूळ पुस्तक. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्सवर जाऊ नका.

आता कामाची सवय कुठली बदलायची ते सांगतो. आपल्याकडे पक्षकार बसला की आपण म्हणतो सातबारा दाखव. गोव्याच्या मामल्यात आधी लग्नाचं विचारा. लग्न कुठे झालं, कुठल्या रजिस्टरला लागलं, लग्नाआधी काही करार केला होता का. कारण तिकडे करार नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एकत्र धरतात, दोघांची अर्धी-अर्धी, आणि तो करार लग्नाच्या आधीच करावा लागतो, नंतर सुचून उपयोग नाही. अजून एक, तिकडे लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते, आधी रजिस्ट्रारपुढे इच्छा सांगून पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी. पहिली सही करून मांडवात गेलेली आणि दुसरी विसरलेली जोडपी असतात, म्हणून दाखला हातात घेऊन नीट वाचा, "लग्न रजिस्टर आसा" एवढ्यावर सोडू नका.

फरक किती पडतो ते आकड्यात बघू. माणूस मृत्युपत्र न करता गेला, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि म्हातारी आई, घर साठ लाखांचं, स्वतः कमावलेलं. तो कुडाळचा हिंदू असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पाच सारखे हिस्से, प्रत्येकाला बारा लाख. तोच गोव्यातल्या पेडण्याचा असेल आणि लग्नाचा करार नसेल तर तीस लाख बायकोचे, ते वारसा म्हणून नाही, मुळातच तिचे, उरलेल्या तीस लाखांत तीन मुलं, दहा-दहा. आईला शून्य. हे मी एकाला समजावत होतो तर तो मधेच थांबवून म्हणाला, "म्हणजे आवशीक कायच नाय?" मी म्हटलं नाही. बराच वेळ गप्प बसला बिचारा.

मृत्युपत्राचंही तसंच. आपल्याकडे स्वकमाईचं घर कुणालाही लिहून देता येतं. गोव्यात मुलंबाळं असतील तर आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मनासारखा देता येतो, बाकीचा अर्धा त्यांचा राखीव. आणि घर मुंबईत आहे म्हणून सुटलो असं समजू नका, मालक गोव्याचा रहिवासी असेल तर भारतात इतरत्र असलेल्या त्याच्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलंय, आणि त्या केसमधली मालमत्ता मुंबईचीच होती.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिलंच गोव्याचं खरेदीखत, वडिलोपार्जित घर, मी आपल्या पद्धतीने दोन भाऊ आणि दोन बहिणी लिहून देणार म्हणून ड्राफ्ट केला, स्टॅम्प ड्युटी भरली, आणि रजिस्ट्रेशनच्या टेबलावर पहिलाच प्रश्न आला, सुना आणि जावई कुठे आहेत? वारशाच्या हिश्शातही जोडीदार अर्धा मालक, त्याचीही सही लागते. एक जावई जहाजावर. तो उतरून येईपर्यंत घेणारा रोज फोन करायचा, आणि माझी फी मागायची मला लाज वाटत होती. तेव्हापासून वंशावळ काढताना प्रत्येक नावाशेजारी जोडीदाराचं नाव आणि त्यांचं लग्न कुठलं, हा वेगळा रकानाच ठेवतो.

शब्दही फसवतात. नोटरी म्हटलं की आपल्याला कोर्टाबाहेर शिक्का घेऊन बसलेला माणूस आठवतो. गोव्यातला स्पेशल नोटरी म्हणजे सरकारी अधिकारी, मृत्युपत्र, वारस ठरवणारं डीड ऑफ सक्सेशन ही कामं त्याच्यासमोर होतात. सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा, तहसीलदाराच्या जागी मामलेदार, आणि वाटणीच्या दाव्याच्या जागी बहुतेक वेळा इन्व्हेंटरी. यात कुटुंबातला एक जण हेड ऑफ द फॅमिली म्हणून मालमत्तेची यादी देतो, किंमत लागते, मग वारसांतल्या वारसांत बोली लागते. जो जास्त बोलला त्याला ते घर, आणि हिश्शापेक्षा जास्त गेलेल्याचे पैसे बाकीच्यांना. आपला माणूस रिकाम्या खिशाने बोलीला उभा राहिला तर घर जातं, म्हणून पैशाची सोय आधी विचारा, युक्तिवाद नंतर.

जुने कागद पोर्तुगीजमध्ये असतात. त्यात डिस्क्रिप्शन (मालमत्तेच्या वर्णनाची नोंद), इन्स्क्रिप्शन (हक्काची नोंद) आणि मॅट्रिझ (महसुलाची नोंद) असे तीन वेगळे नंबर येतात, ते सर्व्हे नंबरशी जुळवून बघावे लागतात. नावांचं स्पेलिंग तर विचारूच नका, तिकडे श साठी एक्स लावतात, त्यामुळे शेट घराणं इंडेक्समध्ये एस खाली सापडत नाही. भाषांतर करणारा चांगला माणूस धरून ठेवा आणि त्याचे पैसे वेळेवर द्या.

टॅक्सच्या माणसालाही फोन करा. इन्कम टॅक्स कायद्यात एक कलम खास गोव्याच्या अशा एकत्र मालमत्तेच्या जोडप्यांसाठी आहे, १९६१ च्या कायद्यात ते ५अ होतं, पगार सोडून बाकी उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं. घर विकलं आणि सगळा नफा एकट्या नवऱ्याच्या रिटर्नमध्ये दाखवला असं होतं, आपल्याकडच्या सीएला हे कलम कधी लागतच नाही ना.

आणि तारखा. सावंतवाडीत अकराचं मॅटर आणि म्हापशात अडीचचं एकाच दिवशी घेऊ नका, चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात तर अजिबात नको.