घाटात थरथरणारे ब्रेक: माझा अनुभव

खंडाळ्याचा घाट उतरताना माझ्या जुन्या जर्मन सेडानचे ब्रेक पेडल पायाखाली थरथरू लागले, तेव्हा गॅरेजवाल्याने नुसते पॅड बदलून भागेल असे सांगितले. मला मात्र ते पटले नाही. पुढचे चाक काढून डिस्कची (चाकासोबत फिरणारी चकती, जिला पॅड दाबून धरतात) जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजली, तर ती कुठे २८.५, कुठे २८.४ मिलिमीटर भरली, आणि डिस्कवर कोरलेली किमान मर्यादाच २८.४ होती. म्हणजे जाडीतल्या या फरकाने पेडल थरथरत होते, आणि लेथवर घासून डिस्क एकसारखी करून घेण्याइतका धातू उरलाच नव्हता.

एकाच मॉडेलला इंजिनानुसार वेगवेगळ्या व्यासाच्या डिस्क येतात, म्हणून दोन्ही बाजूंच्या डिस्क मी चासी क्रमांकावरूनच मागवल्या. सिरॅमिक पॅडमुळे अलॉय चाकांवर काळी भुकटी कमी बसते, हा मोह होताच. पण घाटातल्या सलग ब्रेकिंगचा विचार करून मूळ प्रकारचेच पॅड घेतले, सोबत पॅड झिजल्याची सूचना देणारा नवा वेअर सेन्सरही.

डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडण्यात अर्धा तास गेला. कंटाळवाणे काम, पण तो राहिला असता तर नवी डिस्कही वाकडी फिरली असती. शेवटी मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून दहा वेळा, पूर्ण न थांबता, बेताने ब्रेक लावून नवे पॅड डिस्कशी घासून नीट जुळवून घेतले. पुढच्या रविवारी घाट उतरलो, तेव्हा पेडल स्थिर होते.