सोलर वॉटर हीटर बसवायचाय? आधी उंची मोजा

घरगुती सोलर वॉटर हीटरमध्ये सहसा पंप नसतो. दुहेरी काचेच्या, मध्ये निर्वात पोकळी असलेल्या ट्यूबमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं आणि नळाला पाणी येतं ते निव्वळ उंचीच्या जोरावर. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन गच्चीवर जा. थंड पाण्याच्या टाकीचा तळ हीटरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा किमान एक फूट वर हवा. नसेल तर ती टाकी उचलून घ्या. हीटरच्या स्टँडचे पाय कापून उंची जुळवू नका, ट्यूबचा उतार बिघडतो.

चार माणसांना 200 लिटरचा हीटर पुरतो. त्याला 58 मिमी व्यासाच्या, 1800 मिमी लांबीच्या साधारण 20 ट्यूब लागतात. भरल्यावर वजन अडीचशे किलोच्या बरंच वर जातं, म्हणून स्टँड शक्यतो बीमवर घ्या आणि वाऱ्याने हलणार नाही असा पक्का करा. ट्यूबची उतरती बाजू उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. सावली तपासायची ती हिवाळ्यातली, सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंतची. उन्हाळ्यात मोकळी दिसणारी जागा हिवाळ्यात शेजारच्या भिंतीच्या सावलीत गेलेली असते.

थंड पाण्याची लाइन टाकीतून स्वतंत्र काढा. तिच्यावर बॉल व्हॉल्व्ह, युनियन (खोलता येणारा जोड) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) लावा. याच लाइनवरून दुसरा नळ काढला की कधीतरी त्याला गरम पाणी येऊ शकतं.

सगळ्यात जास्त चुका एअर व्हेंटच्या, म्हणजे हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपात होतात. तो हीटरच्या टाकीवरून सरळ वर न्यायचा, थंड टाकीच्या भरलेल्या पातळीच्याही फूटभर वर. आखूड राहिला तर थंड पाण्याची टाकी भरली की व्हेंटमधून पाणी वाहत राहतं. मग कुणीतरी वैतागून त्याला बूच मारतं, आणि ते जास्त वाईट: वाफ कोंडून टाकी फुगते, किंवा पाणी झपाट्याने ओढलं गेलं की आत चेपते. दाब न झेलणाऱ्या साध्या टाकीला प्रेशर पंपही जोडू नका. पंप फक्त थंड लाइनवर असला तरी गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळातून (मिक्सर) थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतं.

गरम लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), शक्य तितकी आखूड, वरून इन्सुलेशन. आतून 20 मिमी व्यासाच्या 15 मीटर पाइपात पावणेपाच लिटर पाणी मावतं; रात्रभर गार झालेलं तेवढं पाणी रोज सकाळी आधी सोडावं लागतं.

ट्यूब शेवटी, ऊन चढायच्या आत बसवा. आधी धूळ अडवणारी रबरी रिंग ट्यूबवर चढवा, तोंडाला साबणाचं पाणी लावा आणि फिरवत फिरवत आत सरकवा, ठोकायचं नाही. मग लगेच पाणी भरा. रिकाम्या ट्यूब उन्हात तापल्या असतील तर संध्याकाळी पूर्ण निवेपर्यंत थांबा, नाहीतर थंड पाणी लागताच काच तडकते. भरताना गरम पाण्याचे नळ उघडे ठेवा, म्हणजे हवा निघून जाईल. दुसऱ्या सकाळी प्रत्येक रिंगखाली बोट फिरवून ओल बघा.

पुढे कधी एखाद्या ट्यूबच्या टोकाचा चंदेरी आरसा पांढरा पडलेला दिसला तर तिची निर्वात पोकळी गेली असं समजा. ती ट्यूब बदलावीच लागते. पाणी जड असेल तर ट्यूबच्या तळाशी क्षार साचतो. वर्षातून एकदा, ऊन नसताना, ट्यूब काढून धुवा.