रोटरी इंजिन बांधण्यासाठी सुटे भाग आणि हत्यारे कशी जमवावीत

रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात. माझदा या जपानी कंपनीचे १३बी हे दोन रोटरचे इंजिन घरी बांधायला घेणारा माणूस बहुधा इंजिन गाडीतून उतरवण्याआधीच सीलचा संच मागवून बसतो. मीही तेच केले होते; संचातील ॲपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या खाचांत बसणाऱ्या पट्ट्या) ३ मिलिमीटर जाडीचे निघाले आणि माझ्या रोटरच्या खाचा होत्या २ मिलिमीटरच्या. उत्साह समजण्यासारखा आहे, पण इंजिन ओळखून, उघडून आणि मोजून झाल्याशिवाय मोठी खरेदी करू नये.

पहिली पायरी म्हणजे इंजिनाची नेमकी ओळख. १३बी हे एकच नाव अनेक दशके चालत आले असले, तरी आतले भाग बदलत गेले. १९८५ पर्यंतच्या इंजिनांत ॲपेक्स सील ३ मिलिमीटरचे असून पाण्याच्या सीलची खाच रोटर हाउसिंगमध्ये, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचात, होती. १९८६ पासून सील २ मिलिमीटरचे झाले आणि ती खाच बाजूच्या बिडाच्या प्लेटमध्ये गेली, त्यामुळे जुन्या आणि नव्या हाउसिंगची सरमिसळ चालत नाही. माझदाच्या आरएक्स-८ गाडीतील रेनेसिस इंजिनात धूर बाजूच्या प्लेटमधून बाहेर पडतो, म्हणून त्याचे साइड सीलही (रोटरच्या बाजूंवरच्या पट्ट्या) वेगळ्या घडणीचे आहेत. रोटर बदलायचा असल्यास अधिक जपावे, कारण रोटरच्या वजनाप्रमाणे पुढचे आणि मागचे काउंटरवेट (तोल साधणारे वजन) ठरलेले असते. मॅन्युअल गाडीत मागचे काउंटरवेट फ्लायव्हीलमध्येच (शाफ्टच्या मागच्या टोकावरच्या जड चाकात) सामावलेले असल्यामुळे, हलके फ्लायव्हील बसवू पाहणाऱ्याला ऑटोमॅटिक गाडीचे सुटे काउंटरवेट, तेही आपल्या रोटरशी जुळणाऱ्या वर्षाचे, शोधावे लागते.

दुसरी पायरी हत्यारांची. बहुतेक काम नेहमीच्या मिलिमीटर सॉकेटनी होते, मात्र फ्लायव्हीलच्या नटासाठी ५४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो. हा नट सुमारे ४०० ते ४९० न्यूटन-मीटर इतका आवळलेला असतो, त्यामुळे अर्ध्या इंचाच्या रॅचेटवर जोर करण्याऐवजी पाऊण इंचाचा दांडा, फ्लायव्हील अडकवणारा स्टॉपर आणि ते निमुळत्या शाफ्टवरून सोडवणारा पुलर घ्यावा. हा सॉकेट ट्रकच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणता येतो. इंजिनाला मागून धरणारा साधा स्टँड उपयोगाचा नाही, कारण उघडताना मागची प्लेटच आधी निघते. पुढच्या प्लेटला धरणारा आधार हवा. उसनवारी करू नये ती मोजमापाच्या साधनांची. मायक्रोमीटर, फीलर गेज, सरळ पट्टी, चुंबकी बैठकीचा डायल गेज आणि टॉर्क पाना चांगल्या प्रतीचे व स्वतःचे असावेत, कारण पुढे कोणता भाग टाकायचा आणि कोणता ठेवायचा हे तेच सांगणार आहेत.

आता इंजिन उघडून मोजावे. रोटर हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावरचा क्रोमचा थर तिरप्या उजेडात पाहावा. कडेला पापुद्रे निघालेले असतील तर नव्या हाउसिंगचा खर्च धरूनच चालावे, कारण तो थर साध्या वर्कशॉपमध्ये पुन्हा चढवता येत नाही. बाजूच्या प्लेटवर घासून पडलेली पायरीसारखी झीज ०.१० मिलिमीटरपेक्षा खोल नसावी, आणि टर्बो इंजिनात मागच्या प्लेटला डॉवेलपाशी (भाग जुळवून धरणाऱ्या खिळीपाशी) तडा गेला आहे का हे आवर्जून पाहावे. माझ्या मते पैसा आधी हाउसिंग आणि प्लेटवर खर्च करावा. खराब हाउसिंगमध्ये कितीही महागडे सील घातले तरी ते फार दिवस टिकत नाहीत. वापरलेले हाउसिंग विकत घेताना विक्रेत्याकडून आतल्या पृष्ठभागाची पूर्ण फेरी दाखवणारे फोटो मागावेत आणि ते मिळत नसतील तर व्यवहार सोडून द्यावा.

सीलची यादी त्यानंतर करावी. दोन रोटरना मिळून ६ ॲपेक्स सील, १२ कॉर्नर सील (रोटरच्या कोपऱ्यांतले), १२ साइड सील आणि ८ ऑइल रिंग (तेल अडवणारी कडी) लागतात. २ मिलिमीटरच्या नव्या ॲपेक्स सीलची उंची ८ मिलिमीटर असते आणि ६.५ च्या खाली गेलेले सील बाद समजतात. धातूच्या ऑइल रिंगची घासलेली कड ०.५ मिलिमीटरच्या आत असेल तर ती रिंग पुन्हा वापरता येते. तिच्यामागचे रबरी ओ-रिंग आणि पाण्याचे सील मात्र दर वेळी नवेच घालावेत. साइड सील लांबीला थोडे जास्त येतात आणि टोकाशी ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर फट राहील इतकेच घासायचे असतात, म्हणून बारीक दाताची कानस यादीत लिहावी. बांधताना सील जागेवर धरून ठेवायला साधे व्हॅसलीन पुरते.

मूळ भाग मागवताना चेसिस क्रमांक देऊन माझदाच्या विक्रेत्याकडून पार्ट नंबर काढून घ्यावा. माझदाच्या आरएक्स-७ गाडीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे काही भाग कंपनीने २०२० पासून पुन्हा उपलब्ध केले आहेत, तर अमेरिकेतील ॲटकिन्स रोटरीसारखी दुकाने केवळ रोटरीचेच सामान ठेवतात. ऑकलंड किंवा मेलबर्नला राहणाऱ्या मराठी माणसाला आसपासच रोटरीचे जाणकार सापडतात. भारतात मागवणाऱ्याने मात्र सीमाशुल्क आणि वाहतूक धरून हिशोब करावा आणि शक्य तितके सामान एकाच खेपेत आणावे.

एक भाग या खेपेत बसत नाही. रोटर ज्यावर बसतात त्या शाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर असावी लागते आणि ती पुढच्या थ्रस्ट बेअरिंगमधील स्पेसरच्या (मधल्या कड्याच्या) जाडीवर ठरते. स्पेसर किंचित फरकाच्या अनेक जाड्यांत मिळतो, त्यामुळे इंजिन रचून, सगळे भाग एकत्र धरणारे लांब बोल्ट आवळून, डायल गेजने ही हालचाल मोजल्यावरच तो मागवावा.